गळ्यातील ढाल : अवटू ग्रंथी, संप्रेरके आणि बालकाची वाढ

मानवी शरीराचे नियमन दोन यंत्रणा करतात. पहिली मज्जासंस्था. तिचे संदेश विजेच्या वेगाने जातात आणि क्षणात विरतात. दुसरी अंतःस्रावी ग्रंथींची संस्था. तिचे संदेश रक्तातून सावकाश प्रवास करतात, परंतु त्यांचा परिणाम तासन्‌तास, दिवसेंदिवस, काही बाबतींत तर जन्मभर टिकतो. हात भाजला की आपण तो झटकन मागे घेतो, हे पहिल्या यंत्रणेचे काम. तो हात किती लांब वाढावा, त्याची त्वचा मऊ राहावी की कोरडी पडावी, त्याला ऊब असावी की गारठा, हे ठरविणे दुसरीचे. या दुसऱ्या यंत्रणेतील एका लहानशा ग्रंथीविषयी आणि तिच्यावर विसंबून असलेल्या बालकांविषयी या स्मरणिकेच्या वाचकांशी चार शब्द बोलावेत, असा या लेखाचा हेतू आहे. आपल्या वाचकांत वैद्यकीय व्यवसायातील मंडळी आहेत, तसेच बेल्लमपल्ली परिसरात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही आहेत. दोघांनाही उपयोगी पडेल अशा रीतीने विषय मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

संप्रेरक : एका शब्दाचा जन्म

१९०२ मध्ये लंडनमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, आतड्याच्या अस्तरातून निघणारा एक पदार्थ रक्तावाटे स्वादुपिंडापर्यंत पोचतो आणि त्याला पाचकरस सोडावयास लावतो. आतडे व स्वादुपिंड यांना जोडणाऱ्या नसा कापून टाकल्या तरी हे काम चालूच राहिले. म्हणजे निरोप नसांवाटे नव्हे, रक्तावाटे गेला होता. अशा निरोप्या पदार्थांसाठी स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये ‘हॉर्मोन’ हा शब्द वापरला. ज्या ग्रीक धातूवरून तो आला, त्याचा अर्थ ‘चेतविणे’, ‘प्रवृत्त करणे’ असा आहे. आपल्या भाषेतील ‘संप्रेरक’ हा शब्द त्या अर्थाशी किती तंतोतंत जुळतो, हे वेगळे सांगावयास नको.

संप्रेरकांचे प्रमाण अत्यल्प असते. ग्रॅमचा दशलक्षांश भागही येथे मोठा मानावा लागतो. रक्त साऱ्या शरीरभर फिरते, तेव्हा संप्रेरक प्रत्येक पेशीच्या दारावरून जाते. मात्र ज्या पेशीजवळ त्याला ओळखणारा ग्राही रेणू असेल, तीच पेशी दार उघडते. पोस्टमन गल्लीतून सर्वांच्या घरांवरून जातो, परंतु ज्याच्या नावाचे पत्र असेल त्याच्याच ओसरीवर थांबतो, तसेच हे आहे. अवटू ग्रंथीच्या संप्रेरकाचे वैशिष्ट्य असे की, त्याच्या नावाची पत्रे जवळजवळ प्रत्येक घरी असतात. मेंदू, हृदय, यकृत, स्नायू, हाडे, त्वचा, आतडी यांपैकी कोणताही अवयव त्याच्यावाचून नीट चालत नाही.

ढालीच्या आकाराची ग्रंथी

गळ्याच्या पुढच्या बाजूस, कंठमण्याच्या थोडे खाली, श्वासनलिकेला दोन्ही बाजूंनी कवेत घेऊन ही ग्रंथी बसलेली असते. मराठी शास्त्रीय ग्रंथांत तिला अवटू ग्रंथी म्हणतात, व्यवहारात आपण सर्व जण थायरॉइड म्हणतो. १६५६ मध्ये इंग्रज वैद्य थॉमस व्हार्टन यांनी तिला हे नाव दिले. ग्रीक भाषेतील ‘ढाल’ या शब्दावरून ते आले आहे. प्रौढ माणसात तिचे वजन सुमारे १५ ते २० ग्रॅम, तर नवजात बालकात जेमतेम १ ते दीड ग्रॅम असते.

या ग्रंथीची सूज मात्र मानवाला फार पूर्वीपासून ठाऊक होती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात गलगंडाचे वर्णन आहे. कारण मात्र कळावयास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८११ मध्ये फ्रान्समध्ये बर्नार्ड कूर्तवा यांना समुद्रशेवाळाच्या राखेतून जांभळी वाफ देणारे एक नवे मूलद्रव्य मिळाले, तेच आयोडीन. १८२० मध्ये जिनिव्हाचे डॉक्टर क्वांदे यांनी ते गलगंडावर वापरले. अवटू ग्रंथीतच आयोडीन असते, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ बाउमान यांनी १८९५ च्या सुमारास सिद्ध केले. त्याआधी १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी ग्रंथी निकामी झालेल्या ४६ वर्षांच्या एका स्त्रीला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला. सुजलेली, मंदावलेली, थंडीने आखडलेली ती स्त्री सुधारली आणि उपचार चालू ठेवून पुढे २८ वर्षे जगली. कमी पडलेले संप्रेरक बाहेरून देऊन रोग आवरता येतो, याचा हा पहिला ठोस पुरावा होता. १९१४ च्या नाताळच्या दिवशी एडवर्ड केंडल यांनी अमेरिकेत शुद्ध थायरॉक्सिनचे स्फटिक मिळविले आणि १९२७ मध्ये हॅरिंग्टन व बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. आज आपण जी बारीकशी गोळी लिहून देतो, तिच्यामागे एवढा इतिहास आहे.

नियमनाची साखळी

थायरॉक्सिनच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, म्हणून त्याला टी-४ म्हणतात. ग्रंथी मुख्यतः हेच बनविते. ते रक्तात सुमारे आठवडाभर टिकते. यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांसारखे अवयव गरजेनुसार त्यातील एक अणू काढून टी-३ तयार करतात. प्रत्यक्ष काम करणारे संप्रेरक हे टी-३ होय. त्याचे आयुष्य जेमतेम एका दिवसाचे. शरीरातील सुमारे ८० टक्के टी-३ अशा रीतीने ग्रंथीच्या बाहेर तयार होते.

आपले बेल्लमपल्ली हे कोळशाच्या खाणींवर वसलेले गाव. तेव्हा या नियमनाचे उदाहरण आपल्या परिचयाच्या सिंगरेणीच्या कारभारातूनच घेऊ. कोथागुडेमच्या मुख्य कार्यालयातून विभागीय कार्यालयाला सूचना जाते, विभागीय कार्यालय खाणीला हुकूम देते आणि खाण कोळसा काढते. कोळशाचे साठे पुरेसे झाले की तसा अहवाल वर जातो आणि नवे हुकूम मंदावतात. साठे घटले की हुकूम वाढतात. शरीरात मेंदूच्या तळाशी असलेले हायपोथॅलॅमस हे मुख्य कार्यालय, त्याखालची पीयूषिका ग्रंथी हे विभागीय कार्यालय आणि अवटू ग्रंथी ही खाण. पीयूषिकेचा हुकूम म्हणजे टीएसएच. रक्तातील टी-४ व टी-३ यांचे प्रमाण हाच अहवाल. कोळसा वॅगनमधून जावा तसे टी-४ रक्तातून जाते. भट्टीत जळून उष्णता देते ते टी-३.

हे उदाहरण लक्षात ठेवले तर तपासणीचा अहवाल सामान्य वाचकालाही वाचता येईल. खाण निकामी झाली की हुकूमांचा ढीग साचतो. म्हणून टी-४ कमी व टीएसएच जास्त असेल तर दोष अवटू ग्रंथीत आहे. खाण हुकूमाविनाच बेसुमार कोळसा काढू लागली तर हुकूम बंद होतात. म्हणून टी-४ जास्त व टीएसएच जवळजवळ शून्य असेल तर ग्रंथी अतिक्रियाशील आहे. टी-४ कमी असूनही टीएसएच वाढलेला नसेल, तर दोष वरच्या कार्यालयात, म्हणजे पीयूषिकेत किंवा हायपोथॅलॅमसमध्ये शोधावा लागतो. माझ्या व्यवसायबंधूंना हेही ठाऊक आहे की, टी-४ निम्म्यावर आले तर टीएसएच सुमारे शंभरपट वाढू शकतो. म्हणूनच टीएसएच ही इतकी संवेदनशील तपासणी ठरते. परंतु केवळ टीएसएच पाहिला तर तिसऱ्या प्रकारचा दोष निसटतो, म्हणून शंका असेल तेथे टी-४ जोडीने तपासावे.

हे संप्रेरक करते काय?

प्रौढ माणसाच्या शरीरात हे संप्रेरक मुख्यतः वेग सांभाळते. पेशींतील ज्वलन, शरीराची ऊब, हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, कोलेस्टेरॉलचा निचरा ही सारी कामे त्याच्या तालावर चालतात. ते कमी पडले की माणूस थकतो, थंडी सोसवत नाही, बद्धकोष्ठ होतो, त्वचा कोरडी पडते, नाडी मंदावते. जास्त झाले की याच्या उलट घडते : छाती धडधडते, घाम येतो, हात कापतात, भूक असूनही वजन घटते.

बालकाच्या शरीरात मात्र ते केवळ वेग सांभाळीत नाही, ते शरीर घडविते. १९१२ मध्ये गुडेरनाच यांनी केलेला एक प्रयोग येथे सांगण्यासारखा आहे. पावसाळ्यात डबक्यांतून शेपटीवाली बेडकाची पिल्ले आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांनी अशा पिल्लांना घोड्याची अवटू ग्रंथी खाऊ घातली. पिल्लांची वाढ थांबली, पण त्यांचे रूपांतर मात्र वेळेआधीच घडून माशीएवढे चिमुकले बेडूक तयार झाले. उलट ज्या पिल्लांत हे संप्रेरकच नसते, ती वाढत राहतात, पण बेडूक होत नाहीत. मोठे होणे आणि परिपक्व होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीची किल्ली या ग्रंथीपाशी आहे, हे त्या प्रयोगाने दाखविले. मानवी बालकात ही परिपक्वता सर्वांत निकडीची असते ती मेंदूची. मेंदूच्या पेशींचे योग्य जागी स्थलांतर, त्यांना फुटणाऱ्या शाखा, त्यांच्यातील जोडण्या आणि तंतूंवर चढणारे मायलिनचे आवरण या सर्वांना थायरॉक्सिन लागते. हे काम गर्भावस्थेत सुरू होते आणि जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत बहुतांशी पुरे होते. त्या काळात राहून गेलेले काम पुढे कितीही औषध दिले तरी भरून निघत नाही. उंची पुष्कळशी भरून येते, हाडांची वाढ मार्गी लागते, बुद्धीची हानी मात्र कायम राहते.

‘गुणी’ बाळ

गर्भाची अवटू ग्रंथी साधारण दहाव्या-बाराव्या आठवड्यापासून आयोडीन साठवू लागते आणि अठराव्या-विसाव्या आठवड्यापर्यंत तिचे काम बऱ्यापैकी रुळते. तोवर बाळ आईच्याच थायरॉक्सिनवर अवलंबून असते. पुढेही वारेतून आईचे थोडे थायरॉक्सिन बाळाला मिळत राहते. त्यामुळे ज्या बाळाची ग्रंथी जन्मतः नसते, अपुरी असते किंवा भलत्याच जागी असते, तेही जन्मताना बहुधा अगदी निकोप दिसते. अशा बहुसंख्य बाळांना प्रसूतिगृहात पाहून कोणाही अनुभवी डॉक्टरला शंका येणार नाही. आईची शिदोरी संपते आणि मग हळूहळू लक्षणे उमटू लागतात.

ही लक्षणेही फसवी असतात. बाळ पुष्कळ झोपते, क्वचितच रडते, दूध ओढताना दमते, हाक मारली तरी शांत पडून राहते. आजी कौतुकाने म्हणते, “बाळ फार गुणी हो, कणभर त्रास नाही.” बालरोगतज्ज्ञाने मात्र अशा अतिगुणी बाळाकडे जरा निरखून पाहावे. कावीळ दोन आठवड्यांनंतरही रेंगाळली आहे का? शौचाला तीन-चार दिवसांनी होते का? रडणे घोगरे आहे का? जीभ मोठी, पोट फुगलेले, बेंबी बाहेर आलेली, त्वचा थंड व कोरडी आहे का? टाळूचा मागचा भाग अजून मोकळा आहे का? यातील एकेक लक्षण किरकोळ वाटते. दोन-तीन एकत्र आली तर रक्ततपासणीस एक दिवसही उशीर करू नये.

उशिराची किंमत काय असते, याचे आकडे नवजात तपासणी सुरू होण्यापूर्वीच्या काळातील आहेत. १९७२ मध्ये अमेरिकेत क्लाइन व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पहिल्या तीन महिन्यांत उपचार सुरू झालेल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक ८९ होता. तीन ते सहा महिन्यांत सुरू झालेल्यांचा ७० आणि सहा महिन्यांनंतर सुरू झालेल्यांचा ५४. एक मूल शाळेत जाऊन पुढे आपल्या पायांवर उभे राहते आणि दुसरे जन्मभर आईवडिलांच्या आधाराने जगते, यांत फरक आहे तो काही महिन्यांचा.

एक थेंब रक्त

यावर उपाय निघाला तो कॅनडातील क्वेबेक प्रांतात. १९७० च्या दशकाच्या आरंभी जाँ द्यूसो यांनी नवजात बालकाच्या टाचेतील रक्ताचा थेंब टीपकागदावर घेऊन त्यातील थायरॉक्सिन मोजण्याची पद्धत वापरात आणली. लक्षणे दिसण्याची वाट न पाहता प्रत्येक बाळ तपासावयाचे, ही त्यामागची कल्पना. प्रगत देशांत ती लवकरच सार्वत्रिक झाली आणि तेथे या आजारामुळे येणारे मतिमांद्य जवळजवळ नाहीसे झाले.

आपल्याकडे या कामाचा पाया मुंबईत घातला गेला. मुलांच्या अंतःस्रावी रोगांच्या क्षेत्रात आद्य मानल्या जाणाऱ्या डॉ. मीना देसाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात १२,४०७ नवजात बालकांची टीपकागद पद्धतीने तपासणी केली. त्यात सुमारे २,४८१ बालकांमागे एकात हा दोष आढळला. भारतासारख्या देशात आई व बाळ लवकर घरी जातात, पत्ते सापडत नाहीत, पुन्हा बोलावलेली मंडळी येत नाहीत, या अडचणीही त्यांनी मोकळेपणाने नोंदविल्या. पुढे गोव्याने २००८ पासून काही वर्षे सरकारी रुग्णालयांत नवजात तपासणी राबविली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि आपले हैदराबाद अशा पाच केंद्रांत एक लाखाहून अधिक नवजात बालके तपासली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात प्रमाण निघाले १,१३० बालकांमागे एक. चेन्नईत तर ते ७२७ मागे एक इतके होते. पाश्चात्त्य देशांत जुन्या काळी हे प्रमाण तीन-चार हजारांमागे एक असे सांगितले जाई. म्हणजे हा आजार आपल्याकडे दुर्मिळ नाही, उलट अधिकच आहे.

या आकड्याचा आपल्या गावापुरता अर्थ लावून पाहू. एखाद्या प्रसूतिगृहात वर्षाला ५०० प्रसूती होतात असे धरले, तर सव्वादोन वर्षांत असे एक बाळ तेथे जन्माला येईल. वीस वर्षांत दहा हजार प्रसूती, म्हणजे आठ-नऊ बालके. “आमच्याकडे असे बाळ कधी आलेच नाही,” असे कोणी म्हणत असेल, तर ती बालके आली आणि न ओळखताच घरी गेली, हाच त्याचा अधिक संभाव्य अर्थ आहे.

तपासणीची वेळ महत्त्वाची आहे. जन्मानंतर अर्ध्या तासात बाळाचा टीएसएच एकदम ६० ते ८० पर्यंत उसळतो आणि दोन-तीन दिवसांत उतरतो. बाहेरच्या थंडीला तोंड देण्याची ती निसर्गाची तजवीज आहे. त्यामुळे पहिल्या दिवशी रक्त घेतले तर निरोगी बाळही आजारी ठरेल. म्हणून जन्मतःच नाळेतील रक्त घ्यावे किंवा ४८ ते ७२ तासांनी टाचेतील. आपल्या भागात अनेक माता दुसऱ्याच दिवशी माहेरी, दूरच्या पाड्यावर किंवा नदीपलीकडे सिरोंचा-चंद्रपूरकडे जातात. अशा ठिकाणी नाळेचे रक्त हाच सोयीचा मार्ग, आणि त्यात बाळाला सुईही टोचावी लागत नाही. मातेच्या नातलगांचा संपर्क क्रमांक नीट लिहून घेणे हा या तपासणीचाच एक भाग समजावा. कमी दिवसांची, आजारी, जुळी आणि डाऊन सिंड्रोमची बालके दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा तपासावीत.

उपचार : सोपा, स्वस्त आणि काटेकोर

प्राथमिक तपासणीत टीएसएच ४० च्या वर असेल तर शिरेतील रक्त तपासणीस घेऊन त्याच दिवशी औषध सुरू करावे. ग्रंथीच्या स्कॅनसाठी उपचार थांबवू नयेत. मात्रा दर किलो वजनाला दररोज १० ते १५ मायक्रोग्रॅम. तीन किलोच्या बाळाला साधारण साडेसदतीस मायक्रोग्रॅम, म्हणजे २५ ची दीड गोळी. आयुष्याच्या पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू व्हावा, हे ध्येय. पालकांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात. गोळी चमच्यात चुरडून थोड्याशा पाण्यात किंवा आईच्या दुधात मिसळून लगेच पाजावी. दुधाच्या पूर्ण बाटलीत घालू नये. लोह, कॅल्शियम किंवा सोयायुक्त दूध तिच्याबरोबर देऊ नये. रोज ठरावीक वेळ असावी. पहिल्या वर्षात वारंवार रक्त तपासून मात्रा बदलावी लागते, कारण बाळ झपाट्याने वाढत असते.

“मूल आता चांगले खेळते, मग गोळी कशाला?” हा प्रश्न पुष्कळ घरांतून येतो. मूल चांगले खेळते ते गोळीमुळे. काही मुलांत दोष तात्पुरता असतो, परंतु तो तात्पुरता आहे की कायमचा, याची परीक्षा वयाच्या तीन वर्षांनंतर डॉक्टरच्या देखरेखीखालीच करावयाची असते.

मोठी मुले आणि माता

शाळकरी वयात ही ग्रंथी मंदावण्याचे मुख्य कारण म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीने तिच्यावर केलेला हल्ला. जपानचे हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये त्याचे वर्णन केले. मुलींत तो अधिक. पहिले लक्षण बहुधा उंची खुंटणे हे असते. चार वर्षांपुढील मुलाची उंची वर्षाला पाच सेंटिमीटरपेक्षा कमी वाढत असेल, तर तपासणी करावी. दरवाजाच्या चौकटीवर पेन्सिलने वर्षाकाठी केलेली एक खूण हे घरोघरी करता येण्याजोगे उत्तम निदानसाधन आहे. लठ्ठपणासाठी मात्र थायरॉइडला फारच लवकर दोषी धरले जाते. लठ्ठ असूनही वयाच्या मानाने उंच असलेल्या मुलात बहुधा ताटच तपासावे. लठ्ठ आणि बुटक्या मुलात ग्रंथी तपासावी.

गर्भवतीने पहिल्या तिमाहीतच टीएसएच तपासून घ्यावा. आधीपासून थायरॉक्सिन घेत असलेल्या स्त्रीने दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना भेटावे, कारण तिची गरज साधारण पाव पटीने वाढलेली असते. गर्भारपणात “औषधे नकोत” म्हणून ही गोळी बंद करणे म्हणजे बाळाच्या मेंदूचा खुराक तोडणे होय.

चिमूटभर मीठ

ग्रंथी निरोगी असूनही कच्चा माल न मिळाल्यास ती काय करील? आयोडीनची रोजची गरज प्रौढाला १५० मायक्रोग्रॅम, गर्भवतीला व स्तनदा मातेला २५०, पाच वर्षांपर्यंतच्या बालकाला ९०. सत्तर वर्षांच्या आयुष्यात माणसाला एकूण चार ग्रॅमही आयोडीन लागत नाही, म्हणजे एक लहान चमचा. परंतु ते एकदाच घेऊन साठविता येत नाही, रोज थोडे थोडेच लागते. पावसाने, पुराने जमिनीतील आयोडीन वाहून समुद्रात जाते, आणि अशा जमिनीत पिकलेल्या ज्वारी, तांदूळ, तुरीतही ते कमी उतरते.

आपल्या देशातील या प्रश्नाच्या अभ्यासाचा एक धागा तेलंगणाशी जोडलेला आहे. गिलगिट व चित्रळ खोऱ्यांतील गलगंड आणि त्याबरोबर येणारे मतिमांद्य यांचे वर्णन रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी १९०८ मध्ये केले. त्याच मॅक्कॅरिसन यांनी १९१८ मध्ये कुन्नूर येथे सुरू केलेले छोटे संशोधन केंद्र १९५८ मध्ये हैदराबादला आले आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखले जाते. लोह व आयोडीन दोन्ही असलेले मीठ तेथेच विकसित झाले. श्रीकाकुलमला जन्मलेले डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी १९५६ पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला. दोन विभागांना आयोडीनयुक्त व एकाला साधे मीठ दिले. काही वर्षांत पहिल्या दोन विभागांतील मुलांचा गलगंड झपाट्याने घटला, तिसऱ्यात तो तसाच राहिला. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९२ मध्ये त्याचे नाव बदलून ‘आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम’ असे झाले, कारण गळ्यावरची गाठ हा केवळ दिसणारा भाग, मेंदूची हानी हा न दिसणारा, हे तोवर स्पष्ट झाले होते. साध्या मिठाच्या विक्रीवरील बंदी २००० मध्ये उठली आणि २००६ मध्ये पुन्हा लागू झाली.

गलगंड हा हिमालयाचाच रोग, ही समजूत मागे पडली आहे. गुजरातेत भरूच, केरळात एर्नाकुलम, महाराष्ट्रात तेव्हाचा औरंगाबाद जिल्हा येथे तो आढळला. २०१६ मध्ये ज्यातून आपला मंचेरियाल जिल्हा वेगळा झाला, त्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे नावही राज्यातील गलगंडग्रस्त जिल्ह्यांत होते. २०१८-१९ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील ७६.३ टक्के घरांत पुरेसे आयोडीन असलेले मीठ आढळले. म्हणजे जवळजवळ चौथ्या घरी ते अद्याप पुरेसे नव्हते.

विक्रीच्या ठिकाणी मिठात एक किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे असा नियम आहे. दहा ग्रॅम मिठातून १५० मायक्रोग्रॅम, असा त्याचा सरळ हिशेब. आठवडी बाजारात गोणीतून मोजून मिळणारे खडेमीठ, त्यातही ते धुऊन वापरण्याची काही घरांतील रीत, उघडी बरणी, ओलसर चमचा, चुलीशेजारची जागा, यांमुळे आयोडीन उडून जाते किंवा धुपून जाते. मीठ पाकीटबंद व आयोडीनयुक्त घ्यावे, झाकणाच्या बरणीत ठेवावे, शक्यतो पदार्थ शिजत आल्यावर घालावे. उपवासाच्या दिवशी सैंधव खाण्यास हरकत नाही. परंतु आरोग्यदायी म्हणून रोजच्या स्वयंपाकात सैंधव किंवा गुलाबी मीठ आणू नये, विशेषतः घरात गर्भवती असताना. रक्तदाबासाठी मीठ कमी करावयाचे असेल तर जरूर करावे, पण जे खाल ते आयोडीनयुक्तच असावे.

आपल्या हाती काय आहे?

६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा’चा आरंभ झाला. त्याच्या यादीत गलगंड आहे. जन्मजात अवटुन्यूनता मात्र राज्यांनी ऐच्छिक म्हणून घ्यावयाच्या आजारांत आहे. ऐच्छिक हा शब्द गळून पडेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. आपल्या गावातील प्रत्येक प्रसूतिगृहाने नाळेच्या रक्ताची टीएसएच तपासणी नेमाने सुरू करावी. परवडत नसेल त्या कुटुंबाचा खर्च आपल्यासारख्या वैद्यकीय संघटनांनी उचलावा. वर्षाला पाचशे बालकांचा हा खर्च संघटनेच्या आवाक्याबाहेरचा नाही, आणि एका मुलाचे जन्मभराचे परावलंबन त्याच्या दुसऱ्या पारड्यात ठेवून पाहिले तर तो खर्च वाटणारही नाही. गोंड व कोलाम पाड्यांवर आरोग्य शिबिरे घेताना मिठाचा नमुना तपासण्याचे साधे द्रावण सोबत न्यावे. थेंब टाकताच मीठ निळे-जांभळे झाले, की आयोडीन आहे. त्या एका रंगाने तासाभराच्या भाषणापेक्षा अधिक लोकशिक्षण होते.

वाचक भगिनींना व आजीमंडळींना माझी एकच विनंती आहे. घरात बाळ जन्मले की वजन, रंग, नाक कोणावर गेले याबरोबरच “थायरॉइडची तपासणी झाली का?” हेही डॉक्टरांना विचारावे. आणि आम्हा डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला जाण्यापूर्वीच अहवाल पुढे ठेवावा.